नववीचे प्रकल्प आणि शाळेने दिलेलं तयार रुब्रिक: निकष नेमके कसे लिहायचे?

वडाळ्याची विज्ञानबाई

नमस्कार मंडळी. मी वडाळ्याच्या एका अनुदानित मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवते, जलसुरक्षाही माझ्याकडेच आहे. जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय, त्यामुळे उपक्रम आणि प्रकल्प यांवरच सगळी भिस्त. यंदा मुलांना 'आमच्या घरचं पाणी' हा प्रकल्प दिला. आठवडाभर रोज नोंद ठेवायची: पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, एक बादली भरायला किती वेळ लागला, कशाला किती वापरलं. आणि या नोंदींवरून काय कळलं ते शेवटी स्वतःच्या शब्दांत लिहायचं.

शाळेने यंदापासून सगळ्या विषयांच्या प्रकल्पांना एकच रुब्रिक, म्हणजे निकषवार गुण देण्याचा तक्ता, लावलंय. मांडणी, माहिती, भाषा व शुद्धलेखन, सर्जनशीलता आणि वेळेत सादर करणं असे पाच निकष. प्रत्येकापुढे चार रकाने: उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक, सुधारणा आवश्यक. त्यांना अनुक्रमे ४, ३, २, १ गुण. एकूण २०.

आता दोन प्रकल्पांबद्दल सांगते. पहिला टॉवरमध्ये राहणाऱ्या एका मुलाचा. रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर. भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार, तुळशी अशा सातही तलावांची माहिती, धरणांचे फोटो, मुंबईपर्यंतच्या जलवाहिन्यांचा नकाशा. नोंदींचं पान एकच. त्यात सातही दिवसांपुढे 'पाणी २४ तास' आणि वापराच्या रकान्यात रोज तोच आकडा.

दुसरा अँटॉप हिलच्या चाळीतल्या मुलीचा. वहीची पानं स्टेपल केलेली, तक्ता पेन्सिलीने आखलेला. तिच्याकडे पाणी पहाटे येतं. आईच्या मोबाइलवर सेकंद मोजून २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागला ते तिने रोज लिहिलंय. कधी १ मिनिट ५० सेकंद, कधी ४ मिनिटांच्या वर. तिसऱ्या दिवशी तिला शंका आली की वरच्या गल्लीत कुणी मोटर लावली की आपला नळ बारीक होतो. चौथ्या दिवसापासून तिने तक्त्यात एक जादा रकाना आखला: 'मोटर चालू / बंद'. आणि शेवटी लिहिलं, 'मोटर चालू आसताना बादली भरायला जास्त वेळ लागला पण एका दिवशी मोटर बंद होती तरी पाणि बारीक होत त्याच कारण मला सापडल नाही.' शुद्धलेखन असं, आणि प्रकल्प एक दिवस उशिरा दिला.

शाळेचा तक्ता लावला तर मुलाला मांडणी ४, माहिती ४, भाषा ४, सर्जनशीलता २, वेळ ४, म्हणजे १८. मुलीला त्याच क्रमाने १, २, १, ३, २, म्हणजे ९. शेजारच्या तुकडीच्या बाईंनी तोच तक्ता हातात घेऊन तिचा प्रकल्प वाचला, त्यांचे १३ झाले.

माझा जीव तुटतो तो तिच्या त्या शेवटच्या वाक्यासाठी. नववीतली मुलगी 'कारण सापडलं नाही' असं प्रामाणिकपणे लिहून ठेवते, आणि तेवढ्यासाठी तक्त्यात कुठेच जागा नाही. मुख्याध्यापकांचंही पटतं: पालक विचारायला आले की गुण कशावरून दिले ते दाखवता यायला हवं. नुसत्या अंदाजाने गुण द्यावेत असं मलाही वाटत नाही. मग करायचं काय? ज्यांनी स्वतः रुब्रिक तयार केली असतील त्यांनी कृपया सविस्तर लिहा. वर्गात साठच्या घरात मुलं आहेत, तेही लक्षात घ्या.

गिरगावचे मास्तर

बाई, रुब्रिक टाकून देऊ नका, हा तक्ता बदला. मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं आणि आता बी.एड.च्या विद्यार्थ्यांना मूल्यमापन शिकवतो. सरावपाठांच्या निमित्ताने अशाच धाटणीचे तक्ते शाळाशाळांतून बघायला मिळतात, आणि दर वेळी वाईट वाटतं. कारण मुलं तक्त्यावरूनच ठरवतात की शाळेला काय हवंय. तुमचा तक्ता त्यांना सांगतो की प्रिंट काढून आणा.

यात 'उत्कृष्ट' ठरायला कागदावर काय दिसलं पाहिजे हे कुठेच लिहिलेलं नाही. नुसती विशेषणं उतरत्या क्रमाने लावली आहेत. मग प्रत्येक शिक्षक आपल्या मनातलं 'उत्कृष्ट' त्या रकान्यात भरतो. तुमचे ९ आणि शेजारच्या बाईंचे १३ तिथूनच आले.

याचा एक जुना आणि फार बोलका पुरावा आहे. १९६१ साली अमेरिकेत पॉल डीडरिक हे मूल्यमापनाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले. वाचकांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, इतर विषयांचे होते, लेखक-संपादक, वकील, व्यवसायातली माणसंही होती. निकष कुठलेच दिले नाहीत, फक्त चांगल्या-वाईटाप्रमाणे नऊ गटांत लावा म्हणाले. ९४ टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी पडल्या. १०१ निबंध तर असे निघाले की त्यांना एक ते नऊ या सगळ्याच श्रेणी मिळाल्या. पुढे वाचकांच्या शेऱ्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांचे पाच गट दिसले. कुणी विचार बघत होतं, कुणी चुका, कुणी रचना, कुणी शब्दयोजना, कुणी लेखनातला ताजेपणा. म्हणजे वाचणारे बेफिकीर नव्हते, प्रत्येक जण मन लावून वेगळंच काहीतरी बघत होता. तुम्ही आणि तुमच्या सहकारी बाईही तशाच.

तेव्हा आधी दोघींनी एकच गोष्ट बघायचं ठरवा. त्यासाठी कोऱ्या कागदावर निकष लिहायला बसू नका. दहा-बारा प्रकल्प स्टाफरूमच्या टेबलावर पसरा. गुणांचा विचार न करता तीन ढीग करा: हे काम जमलंय, हे अर्धवट, हे झालेलंच नाही. मग पहिल्या ढिगातलं एक आणि दुसऱ्यातलं एक शेजारी ठेवून एकमेकींना विचारा, हे इथे आणि ते तिथे का? तोंडातून जे उत्तर निघेल तो तुमचा निकष. 'हिने मोजलंय, त्याने अंदाज केलाय' असं वाक्य निघालं की तसंच्या तसं लिहून घ्या.

तुम्ही वर जे वर्णन केलंय त्यावरून मी असं लिहीन.

नोंदी
पातळी ४: रोजची नोंद वेळेसह आहे, मोजून केली आहे, कसं मोजलं ते लिहिलंय. मोजताना काही नवीन लक्षात आलं तेव्हा त्याचीही नोंद सुरू केली आहे.
पातळी ३: रोजची नोंद वेळेसह, मोजून केलेली. कसं मोजलं ते कळतं.
पातळी २: नोंदी आहेत, पण काही दिवस गाळलेत किंवा आकडे अंदाजाचे आहेत.
पातळी १: सगळ्या दिवशी एकच नोंद, किंवा नोंदींच्या जागी पुस्तकातली वा नेटवरची माहिती.

नोंदींवरून काढलेला अर्थ
पातळी ४: नोंदींमधला फरक दाखवून कारण सुचवलंय, ते स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहिलंय, जे जुळत नाही तेही सांगितलंय.
पातळी ३: फरक दाखवून कारण सुचवलंय.
पातळी २: फरक सांगितलाय, कारणाचा विचार नाही.
पातळी १: शेवटचा परिच्छेद नोंदींशी जोडलेला नाही. ('पाणी हे जीवन आहे, ते जपून वापरावे' असा.)

तिसरा निकष मांडणीचा असू द्या, पण त्याचा प्रश्न एवढाच: मुलाचा नोंदींचा तक्ता दुसऱ्या कुणाला वाचून समजतो का? पेन्सिल असो की प्रिंट, फरक पडत नाही. नोंदी आणि अर्थ यांना दुप्पट वजन द्या, मांडणीला एकपट. बेरीज पुन्हा २०, कार्यालयालाही अडचण नाही. तुमच्या मुलीचं नोंदी ४, अर्थ ४, मांडणी २ धरलं तर १८ होतात. मुलाचं १, १, ४ धरलं तर ८.

उशीर झाला त्याची नोंद जरूर ठेवा, पण वेगळी. तिला विज्ञान किती कळलंय याच्याशी त्या एका दिवसाचा संबंध नाही. शुद्धलेखनाच्या चुका खुणा करून दाखवा, मराठीच्या बाईंना सांगा, इथले गुण कापू नका.

राहता राहिला तो टॉवरमधला मुलगा, आणि मला त्याचीही तेवढीच काळजी वाटते. त्याच्या नळाला खरंच २४ तास पाणी असणार, कारण महापालिकेचं पाणी आधी खालच्या टाकीत पडतं आणि पंपाने गच्चीवर चढतं. त्याच्या घरात मोजण्यासारखं काही घडतच नाही असं त्याला वाटलं. घडतं ते पंपापाशी. प्रकल्प देतानाच 'नळाला सतत पाणी असेल तर टाकी केव्हा आणि किती वेळ भरते ते मोजा' अशी ओळ घातली की चाळ आणि टॉवर दोघांना निकष सारखेच लागू पडतील. निकष लिहून झाला की वर्गातल्या प्रत्येक तऱ्हेच्या घरातून तो पुरा करता येईल का, हे एकदा तपासून बघावंच.

गोवंडी मनपा शाळा

मास्तरांशी सहमत, पण साठ मुलं आणि चार पातळ्यांची तीन-चार वाक्यं, हे सगळं वाचून खुणा करायला वेळ कुठून आणायचा? मी सातवीला शिकवते. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं सगळं आकारिकमध्ये, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, येतं आणि सगळ्याच्या नोंदी ठेवायच्या असतात. चार रकान्यांचं रुब्रिक प्रत्येक ठिकाणी वापरायला गेलं तर शिकवायचं कधी?

मी फक्त मधला रकाना ठेवते. म्हणजे काम झालं म्हणायला काय हवं, तेवढंच प्रत्येक निकषापुढे एका वाक्यात. डावीकडची जागा कोरी, तिथे काय राहिलं ते लिहायचं. उजवीकडची कोरी, तिथे अपेक्षेपेक्षा जास्त काय केलं ते. तुमच्या मुलीचा मोटरचा रकाना उजवीकडे येईल आणि तुम्हाला तो 'पातळी ४' मध्ये आधीपासून कल्पून ठेवावा लागणार नाही. मुलं काय काय करतील ते आपल्याला आधी माहीत नसतं, म्हणून मला ही कोरी जागा फार मोलाची वाटते.

दुसरं, हा कागद प्रकल्प देतानाच वाटा. जमा करताना मुलाने स्वतः पेन्सिलीने खुणा करून द्यायच्या. माझं निम्मं काम तिथे हलकं होतं, कारण जिथे त्याची खूण आणि माझं मत वेगळं तिथेच मला थांबावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगती पत्रकातही स्वमूल्यमापन आणि सहाध्यायांनी केलेलं मूल्यमापन आहेच, तेव्हा मुलांना ही सवय लागलेली बरी. मात्र निकष मुलांच्या भाषेत हवेत. 'निष्कर्षांची सुसंगती' असं लिहिलं होतं तेव्हा एकानेही खूण केली नव्हती. 'तू जे लिहिलंस ते तुझ्या तक्त्यात दिसतं का?' असं विचारलं की सगळे तक्ता पुन्हा उघडतात.

लालबागचे मराठीवाले

विज्ञानाच्या नोंदींपुरतं ठीक आहे. लेखनाला रुब्रिक लावताना मात्र जपा, एवढं कळकळीने सांगतो.

दहावीच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी एक ८ गुणांना असतं. त्याच्या तयारीसाठी क्लासमधून मुलांना साचा मिळतो: सुरुवात संवादाने, मध्ये दोन म्हणी, शेवटी संदेश. माझ्या आधी त्या वर्गाला लावलेल्या रुब्रिकमध्येही 'किमान दोन म्हणी/वाक्प्रचार: पूर्ण गुण' असा निकष होता. मुलं म्हणी मोजून घालतात. बंद गिरणीच्या चिमणीचं आत्मकथन दिलं होतं. बहुतेक वह्यांत चिमणी 'ओळखलंत का मला?' म्हणून बोलायला लागते आणि पर्यावरण वाचवायचा संदेश देऊन थांबते. एका मुलाची चिमणी बोलतच नव्हती, फक्त बघत होती. आवारात आता मॉल आहे, पार्किंगला आलेली माणसं तिच्याखाली उभी राहून फोनवर बोलतात, आणि रोज संध्याकाळी एक आजोबा रस्त्याच्या पलीकडे येऊन थांबतात, आत येत नाहीत. १९८२ च्या संपाचा उल्लेखही नाही, आणि तरी सगळा संप त्यात आहे. म्हण एकही नाही, संदेश नाही. त्या रुब्रिकने हा मुलगा मधल्या पातळीवर गेला असता. मी त्याला ८ पैकी ८ दिले आणि वही वर्गात वाचून दाखवली.

म्हणून मी लेखनात निकषांचे तुकडे करत नाही. संपूर्ण लेखन एकदा वाचतो, एकच श्रेणी ठरवतो, मग दोन ओळी लिहितो.

गिरगावचे मास्तर

सर, तो मुलगा पुढेही लिहीत राहो. तुमच्या उदाहरणातला दोष मला मोजणीच्या निकषात दिसतो. 'दोन म्हणी', 'पाच चित्रं', 'दहा संदर्भ' असे निकष तपासायला सोपे म्हणून लिहिले जातात, आणि मुलं तेवढंच करून देतात. त्याऐवजी 'निवडलेले तपशील त्या वस्तूचेच आहेत, दुसऱ्या कुठल्याही आत्मकथनात चालले नसते' असं लिहिलं तर तुमचे ते आजोबा आणि ते पार्किंग थेट वरच्या पातळीला जातात. लेखन सलग वाचून एकच श्रेणी देण्यालाही माझा विरोध नाही, तीही रुब्रिकची एक रीतच आहे. फक्त प्रत्येक श्रेणीचा एक-एक नमुना जपून ठेवा आणि नव्या वर्षी तपासणीला बसण्याआधी ते नमुने पुन्हा वाचा. नाहीतर पहिल्या गठ्ठ्याला लावलेली फूटपट्टी शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत टिकत नाही.

वडाळ्याची विज्ञानबाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारच्या तुकडीच्या बाई आणि मी ऑफ पिरियडला बसलो. मास्तरांनी सांगितलं तसे ढीग केले, तक्ता लिहिला, आणि मग तेच दहा प्रकल्प दोघींनी एकमेकींचे गुण न बघता तपासले. नोंदींच्या निकषात जवळपास सगळीकडे जुळलं. 'अर्थ' या निकषात मात्र वाद झाला. एका मुलाने लिहिलं होतं, 'रविवारी जास्त पाणी लागलं कारण सगळे घरी होते.' बाईंच्या मते हे कारण सुचवलं, म्हणून ३. माझं म्हणणं, त्याने रविवारी घरी किती माणसं होती ते लिहिलंय, म्हणजे ताडून पाहिलंय, ४ द्यायला हवेत. बराच वेळ बोलून आम्ही 'ताडून पाहिलंय' याच्यापुढे 'म्हणजे कारण खरं आहे का हे दाखवणारी निदान एक नोंद दिली आहे' अशी पुस्ती जोडली. त्या मुलाला ४ मिळाले. एवढी चर्चा विज्ञानाबद्दल आम्ही दोघींनी स्टाफरूममध्ये बऱ्याच दिवसांनी केली.

टॉवरमधल्या मुलाला बोलावून पंपाचं सांगितलं. तो म्हणाला, पंप वॉचमनकाका लावतात, मी त्यांना विचारतो. पुन्हा आठवडाभर नोंद करून आणणार आहे. मुख्याध्यापकांना नवा तक्ता दाखवला, विज्ञान आणि जलसुरक्षेपुरता वापरायला त्यांनी होकार दिला.

आता एक अडचण. श्रेणीत रूपांतर करताना ६० टक्के आणि वर अ, ४५ ते ५९ ब, ३५ ते ४४ क, त्याखाली ड. सगळीकडे पातळी २ असलेल्या मुलाला १० म्हणजे ५० टक्के, ब. सगळीकडे ३ असलेल्याला १५ म्हणजे ७५ टक्के, तो अ. सगळीकडे ४ असलेलाही अ. मग ३ आणि ४ मधला फरक ठरवायला आम्ही एवढं डोकं घातलं ते प्रगतिपुस्तकात दिसणारच नाही. हे बरोबर आहे का?

गिरगावचे मास्तर

प्रगतिपुस्तकात दिसणार नाही, बरोबर. तो फरक मुलासाठी आहे. ३ आणि ४ च्या वाक्यांत जे अंतर आहे तेच त्याचं पुढचं काम. त्याला ते वाचायला मिळालं तर तुमची मेहनत कामी आली.

आणि म्हणूनच एक आग्रह. तक्ता आणि श्रेणी एकाच दिवशी हातात देऊ नका. १९८८ मध्ये रूथ बटलर या संशोधकांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला होता. काहींना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या गटात. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा तसा उपयोग झाला नाही. आपल्या वर्गातही तेच होतं, आकडा दिसला की मुलं शेजाऱ्याचा आकडा विचारतात आणि कागद दप्तरात जातो. आधी खुणा केलेला तक्ता आणि दोन ओळी द्या, एका निकषात पातळी वाढवायला आठवडा द्या, मग श्रेणी भरा. जलसुरक्षेची लेखी परीक्षेसारखी घाई नाही, तिथे हे सहज जमेल.

वडाळ्याची विज्ञानबाई

शुक्रवारी दोन तास जोडून आहेत, तेव्हा तक्ते वाटते. गोवंडीच्या ताईंचा कोऱ्या जागेचा रकानाही घेतलाय, चार पातळ्यांच्या उजवीकडे 'आणखी काय केलंस' म्हणून. दोन्ही तुकड्यांचा अंतिम तक्ता टाइप झाला की इथे टाकते. ज्यांच्याकडे चाळ, टॉवर आणि झोपडपट्टी अशी सगळीकडची मुलं एका वर्गात आहेत त्यांनी तो वाचून, कुठल्या घरातल्या मुलाला कुठला निकष पुरा करता येणार नाही, ते जरूर सांगा.